कारागिराचे दाम आणि आपली सवड

धर्मशिक्षणाच्या जुन्या पुस्तकांत, स्वर्गाकडे दाद मागणाऱ्या चार पापांची एक यादी असे. आपल्यापैकी अनेकांनी ती लहानपणी तोंडपाठ केलेली आहे. यादीतले पहिले पाप हेतुपुरस्सर केलेल्या मनुष्यहत्येचे आणि अखेरचे मजुराची मजुरी अडवून धरण्याचे. खून आणि थकलेली मजुरी एकाच पंक्तीला बसलेली पाहून बालमनाला नवल वाटावे, यात नवल नाही. पुढे मोठेपणी आपण आपलीच समजूत घालून घेतली, की हे पाप गिरणीमालकांचे, सावकारांचे, फार तर मोठ्या कंत्राटदारांचे असणार. आपल्यासारख्या नोकरदार आणि बागायतदार कुटुंबांचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो दिवसेंदिवस अधिक जवळचा होत आहे. कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली, न्हाणीघरात फरशा आल्या, स्वयंपाकघरात ओटे आणि कपाटे आली, लग्नाचे मांडव अंगणातून सभागृहात गेले. या साऱ्या बदलात प्रत्येक कुटुंब वर्षातून दोन-चार वेळा तरी कोणाचे तरी 'मालक' होऊ लागले. सुतार, रंगारी, फरशी बसवणारा, नळकाम करणारा, वायरमन, आचारी, फोटोग्राफर यांपैकी कोणीही आपला नोकर नव्हे. ही माणसे स्वतःची हत्यारे घेऊन येतात, स्वतःचा दर सांगतात, काम उक्ते घेतात आणि संपवून जातात. त्यांना महिन्याचा पगार नाही, भरपगारी रजा नाही, फंड नाही. काम झाले की हिशेब. तो हिशेब किती दिवसांनी व्हावा, इतकाच आमचा प्रश्न आहे. बहुतेक घरांत त्याचे उत्तर एका शब्दात मिळते : सवडीने. ही सवड कोणाची, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

कायद्याने या प्रश्नाला हात घातलेला आहे, परंतु तो आपल्या उंबरठ्याबाहेर थांबतो. पगारदार कामगारासाठी १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने मुदती घालून दिल्या होत्या. संसदेने २०१९ साली संमत केलेल्या वेतन संहितेत तर रोजंदारीवाल्यास पाळी संपताच, आठवड्यावर काम करणाऱ्यास साप्ताहिक सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आणि महिन्यावर काम करणाऱ्यास पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत वेतन द्यावे, असे स्पष्ट केले आहे. लहान उद्योजकांसाठी २००६ चा कायदा आहे. लेखी करार नसेल तर माल वा सेवा स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे चुकते करावेत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, तेही महिन्याच्या चक्रवाढीने व्याज द्यावे, असे तो सांगतो. १ एप्रिल २०२४ पासून आयकराची जोडही त्याला मिळाली. लघुउद्योजकाचे देणे मुदतीत न फेडणाऱ्या व्यापाऱ्यास तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळेनासा झाला. हे सर्व चांगलेच झाले. परंतु आपल्या घरातले कपाट करणारा सुतार आपल्या धंद्याची अशी नोंदणी क्वचितच करतो. आणि समजा केली, तरी थकलेल्या अठ्ठावीस हजारांसाठी आपल्याच गावातल्या घराविरुद्ध कागद करायला तो कुठे जाणार? घर हा ग्राहक आणि कारागीर हा विक्रेता, अशा या व्यवहारावर पहारा ठेवणारे एकच न्यायालय उरते, आणि ते ज्याच्या त्याच्या मनात भरते.

या न्यायालयात आपला शास्त्रग्रंथ काय साक्ष देतो, ते पाहू. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मोशे लोकांना बजावतो, की गरीब मजुराचे वेतन त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावे; तो मजूर स्वकीय असो वा परदेशी. कारणही तिथेच दिले आहे. त्या माणसाचा जीव त्या मजुरीला लागलेला असतो. यहुदी धर्मपंडितांनी या कारणावर केलेले भाष्य आम्हांला फार मोलाचे वाटते. त्यांनी विचारले, की हा माणूस उंच शिडीवर का चढला, झाडाला का लोंबकळला, मरणाशी का खेळला? या मजुरीसाठीच ना? इमारतीच्या बाहेरच्या अंगाला, बांबूच्या परांचीवर एका हाताने आधार धरून दुसऱ्या हाताने रंगाचा ब्रश फिरवणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला या भाष्याचा वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

या पंडितांपुढे नेमका आपलाच प्रश्न आला होता. रोजंदारीवरच्या मजुराचे ठीक आहे. पण उक्ते काम घेणाऱ्या कारागिराला, म्हणजे ज्याला आपण कापड दिले आणि ज्याने वस्त्र करून आणले त्याला, हा सूर्यास्ताचा नियम लागू होतो काय? तालमूद या त्यांच्या ग्रंथात निर्णय दिला आहे तो असा : वस्त्र तयार झाल्याचे कारागिराने कळवले तरी जोवर ते त्याच्याच हाती आहे, तोवर मालक दोषी नाही. परंतु मध्यान्हीला त्याने ते मालकाच्या हाती दिले आणि पैसे न मिळता सूर्य मावळला, तर मालकाने आज्ञा मोडली. कारागीर स्वतंत्र आहे, स्वतःचा धनी आहे, म्हणून त्याला थांबवून ठेवण्याची मोकळीक मिळते असे नाही. वस्तू ज्या दिवशी आपली झाली, त्या दिवशी पैसे त्याचे झाले.

द्राक्षमळ्याच्या दाखल्याकडेही या दृष्टीने पाहावे. सर्वांना सारखाच दीनार मिळाला, यावर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत (आणि दिलीही आहेत). परंतु दाखल्याच्या मध्यावर एक साधी घटना आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. संध्याकाळ होताच मळ्याचा धनी कारभाऱ्याला बोलावतो आणि मजुरी वाटण्यास सांगतो. भल्या पहाटे आलेल्यांनी मजुरीच्या रकमेवरून कुरकुर केली, पण दाम उशिरा मिळाला अशी कुरकुर एकाही मजुराला करावी लागली नाही. धन्याचे औदार्य पुढचे. त्याची वेळेची नियमितता आधीची.

ज्यांना यापुढे तर्काचा आधार हवा, त्यांच्यासाठी तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनस आहेत. आपल्या 'सुम्मा'मध्ये ते जुन्या करारातील या नियमाचा विचार करतात, तेव्हा एक मार्मिक फरक दाखवतात. जो आपले श्रम भाड्याने देतो, तो बहुधा गरीब असतो आणि रोजच्या श्रमातून रोजचे अन्न मिळवतो. म्हणून त्याला तत्काळ वेतन द्यावे. जो आपल्या वस्तू भाड्याने देतो, तो सहसा संपन्न असतो. त्याचे आजचे जेवण त्या भाड्यावर अडलेले नसते. म्हणून दोघांना एकच नियम नाही. अन्यत्र परतफेडीचा विचार करताना संत थॉमस म्हणतात, की दुसऱ्याचे धन त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवून घेणे म्हणजे त्याला त्याच्या उपभोगापासून वंचित करणे होय, आणि हे न्यायाविरुद्ध आहे. म्हणजे 'मी बुडवणार थोडाच आहे, देणारच आहे' हे आपले नेहमीचे उत्तर त्यांच्यापुढे टिकत नाही. बुडवणे हा एक अन्याय आणि अडवणे हाही अन्यायच.

आमच्या मते या विषयाची गुरुकिल्ली संत थॉमस यांच्या पहिल्या भेदात आहे. किती दिवसांनी पैसे द्यावेत, याचे सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. ज्याची चूल त्या पैशांच्या जितकी जवळ, त्याला ते तितक्या लवकर मिळावेत. मांडवाचे सामान पुरवणाऱ्या गोदामाच्या मालकाला आठवडाभर थांबणे जमेल. त्याचे बांबू खांद्यावर वाहणाऱ्या पोरांना जमणार नाही. मोठ्या बांधकाम कंपनीने महिन्याचे बिल करावे, एकट्या गवंड्याने करू नये. देण्याची वेळ घेणाऱ्याच्या गरजेवरून ठरावी. आज ती देणाऱ्याच्या सवडीवरून ठरते, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

महाराष्ट्रात देणाऱ्याच्या सवडीने चालणारी एक मोठी व्यवस्था होऊन गेली. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे सविस्तर वर्णन आहे. सुताराने वर्षभर कुणब्याचे नांगर, कुळव दुरुस्त करावेत आणि सुगीला खळ्यावर येऊन धान्याच्या रूपाने आपले बलुते न्यावे, अशी ती रीत. वर्षभराचे श्रम आणि सुगीला मोबदला! त्या व्यवस्थेत माणसे जातीला बांधलेली होती आणि खळ्यावर हात पसरून उभे राहण्यातला अपमान काहींच्या वाट्याला कायमचा आलेला होता, हे विसरून तिचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. परंतु एक गोष्ट तिच्यात होती. सुगी होईपर्यंत कुणबीही थांबलेलाच असे. पाऊस गेला तर दोघेही उपाशी. आजचा सुतार दूध, वीज, गॅस, शाळेची फी यांचे पैसे रोजच्या रोज किंवा महिन्याच्या महिन्याला रोख मोजतो; आणि त्याला थांबवणाऱ्याच्या घरात एक तारखेला पगार जमा झालेला असतो. बलुत्यातले थांबणे तेवढे आपण जपले आणि त्यातली भागीदारी सोडून दिली.

थांबणे म्हणजे नेमके काय, ते आकड्यांत मांडून पाहावे. समजा, एका रंगाऱ्याने घराचे काम चाळीस हजारांना घेतले. हाताखाली दोन माणसे आहेत. शनिवारी त्यांना पैसे द्यावेच लागतात. तो स्वतः थांबेल, ती थांबणार नाहीत. रंगाचे डबे हार्डवेअरच्या दुकानातून उधार आणले आहेत. काम झाले, घरमालकांनी भिंतीवरून हात फिरवून समाधान व्यक्त केले आणि 'नाताळानंतर बघू' म्हटले. रंगाऱ्याने ओळखीच्या माणसाकडून शेकडा पाचाने चाळीस हजार उचलले. तीन महिन्यांनी घरमालकांनी चाळीस हजार मोजून दिले, वर चहा पाजला, आणि 'एक पैसाही कमी केला नाही' असे अभिमानाने सांगितले. पैसा कमी झाला होता. सहा हजार रुपये व्याजात गेले होते. रंगाऱ्याचा स्वतःचा नफा कदाचित तेवढाच असेल. घरमालकांनी तीन महिने बिनव्याजी कर्ज घेतले होते, आणि तेही आपल्याहून गरीब माणसाकडून, त्याला न विचारता.

यावर कोणी म्हणेल, की कारागीर काही भोळे नाहीत. पैसे उशिरा मिळणार हे धरूनच ते दर वाढवून सांगतात. खरे आहे. पण मग तो वाढीव दर कोण भरते? रोख देणारी विधवाही भरते आणि वर्षभर रखडवणारा बंगलेवालाही भरतो. एकाच्या दिरंगाईची किंमत दुसऱ्याच्या खिशातून वसूल होते.

ग्राहकाची बाजूही आहे, आणि ती लटकी नाही. उचल घेऊन कारागीर गायब झाला, अर्धे काम टाकून दुसऱ्या साइटवर गेला, पैसे हाती पडताच फोन उचलेनासा झाला, असे अनुभव प्रत्येक आळीत ऐकू येतात. कर्ज काढून घर बांधणाऱ्या कुटुंबाचाही प्रत्येक रुपया घामाचाच असतो. अशा कुटुंबाने आपल्या हाती काहीतरी राखून ठेवावे, यात अन्याय नाही. मात्र जे राखायचे, ते आधी बोलून राखावे. किती, कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे कामाच्या पहिल्या दिवशी ठरावे. गच्चीची गळती पहिल्या पावसातच कळते. तेव्हा शेकडा पाच-दहा रुपये जूनअखेरपर्यंत ठेवू, असे म्हणणे सरळ आहे. काम संपल्यावर कोपऱ्यातला ओरखडा दाखवून निम्मे पैसे अडवणे सरळ नाही.

बांधकामाच्या धंद्यात 'खर्ची' नावाचा एक शब्द आहे. परगावाहून आलेल्या मजुराला आठवड्याच्या आठवड्याला जेवणखाणापुरते जे पैसे मिळतात, ती खर्ची. उरलेला हिशेब गावी जाताना होतो. या पद्धतीत मजुराची बरीच पिळवणूक होते, तरीही कठोरातला कठोर मुकादम खर्ची चुकवत नाही. कारण पोट बिलाची वाट पाहत नाही, हे त्याला माहीत असते. मुकादमाला जे कळते, ते सुशिक्षित घरमालकाला कळू नये? आमच्या मते लहान कारागिराशी ठरवायची रीत साधी आहे. सामानाचे पैसे दुकानाच्या बिलाप्रमाणे आधी किंवा परस्पर दुकानदाराला द्यावेत. मजुरीचे पैसे, झालेले काम पाहून, दर शनिवारी द्यावेत. उरलेली रक्कम काम ताब्यात घेतल्याच्या दिवशी, आणि अगदीच अडचण असेल तर त्याच आठवड्यात. दर आठवड्याला हिशेब केल्याने ग्राहकाचेही रक्षण होते. कारागीर पळून गेला तरी एका आठवड्यापलीकडे नुकसान होत नाही, आणि भांडण व्हायचेच असेल तर ते लहान असतानाच होते. सुट्टे नाहीत, चेकबुक संपले, बँक बंद होती, ही कारणे तर २०१६ साली यूपीआय आल्यापासून संपल्यासारखीच आहेत.

संस्थांचे गणित थोडे निराळे आहे. शाळा, पतपेढी, क्रीडामंडळ, तशीच धर्मग्रामाची समितीही, ग्राहकच असते. तिथे कोणाच्या मनात खोट नसते, पण बिल बैठकीची वाट पाहते, बैठक गणसंख्येची आणि धनादेश दुसऱ्या सहीची. सणाचा मांडव उतरून महिना होतो, तरी मांडववाल्याची माणसे थांबलेलीच. खर्च आधीच मंजूर असेल तर मजुरीचा भाग बैठकीविना देण्याचा अधिकार खजिनदाराला असावा, एवढा एक ठराव पुरेसा आहे.

ही वेदना आता आपल्याही घरात शिरली आहे, हे एका परीने बरे झाले. आपली मुले-मुली आज नोकरीऐवजी स्वतंत्रपणे डिझाइन करतात, व्हिडिओ संकलित करतात, भाषांतरे करतात, संगणकाची कामे घेतात. बिल पाठवतात आणि साठ दिवस, नव्वद दिवस वाट पाहतात. न्यूयॉर्क शहरात २०१७ साली अशा स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठी एक कायदा अमलात आला. करारात तारीख नसेल तर काम संपल्यापासून तीस दिवसांत पैसे देणे त्याने बंधनकारक केले. आपल्या लेकीचे पैसे कोणा कंपनीने दोन महिने थकवले म्हणून हळहळणारा बाप, त्याच वेळी आपल्या नळकाम करणाऱ्याला 'पुढच्या आठवड्यात ये' असे चौथ्यांदा सांगत असेल, तर दोन्ही गोष्टी एकच आहेत हे त्याच्या ध्यानात कोणी आणून द्यावे? दादरच्या बाजारात फुले आणि भाजी पाठवणाऱ्या वसईच्या वाडीवाल्यांना तर हे सांगायलाच नको. व्यापाऱ्याकडून पट्टी येईपर्यंतची तगमग त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीची आहे.

आणि तरीही सर्वांत जास्त थांबतो तो परका कारागीर नव्हे, आपला. नाक्यावरून आणलेल्या अनोळखी बिगाऱ्याला आपण संध्याकाळी पैसे देतो, कारण तो उद्या दिसणार नाही. आपल्याच धर्मग्रामातला सुतार मात्र रविवारी मिस्साला भेटतो, कोणाच्या तरी बारशाला भेटतो, कदाचित दूरचा नातलगही निघतो. 'घरचाच माणूस आहे, जातो कुठे?' असे आपण म्हणतो आणि त्याचे नाव यादीत सर्वांत खाली ढकलतो. त्याने मागावे तर भीड आडवी येते. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर तो आपल्याशी हवापाण्याच्या गोष्टी करतो, मुलाच्या निकालाची चौकशी करतो, आणि ज्या एका गोष्टीसाठी तो तिथे घोटाळत असतो, ती ओठांवर येत नाही. यहुदी पंडितांनी म्हटले होते, की कारागिराने मागितल्यावरच मालक दोषी ठरतो. आमचे मत येथे त्यांच्याहून कडक आहे. जिथे भिडेपोटी मागताच येत नाही, तिथे न मागणे म्हणजे सवलत असे समजता येणार नाही. नासरेथचा योसेफ असाच एका लहान गावातला कारागीर होता, सर्व गिऱ्हाइके ओळखीची. प्रभू येशूलाही गावकरी सुतार म्हणूनच ओळखत. थकलेल्या पैशांसाठी कोणाच्या दारी जावे लागणे काय असते, हे त्या घराला ठाऊक नसेल असे आम्हांला वाटत नाही.

भिडेचे सर्वांत अवघड उदाहरण शवपेटी करणाऱ्याचे. निरोप रात्री येतो, पेटी सकाळी हवी असते. लाकूड, कापड, खिळे, मुठी सगळे त्याने स्वतःच्या पैशांनी आणायचे, रात्रभर जागून पेटी पूर्ण करायची आणि रडणाऱ्या घरात नेऊन ठेवायची. त्या घरात पैशांचा विषय कोण काढणार? तो महिनामिसा होईपर्यंत थांबतो, मग मुलगा परदेशी परत गेलेला असतो, मग भावाभावांत खर्चाची वाटणी व्हायची असते. काही वृद्ध माणसे याबाबतीत आपल्या मुलांपेक्षा शहाणी असतात. ती आपल्या कपाटात कपड्यांच्या घडीखाली एक पाकीट ठेवतात आणि सुनेला सांगून ठेवतात, की पेटीवाल्याचे पैसे यातून, बँडवाल्याचे यातून आणि खड्डा खणणाऱ्यांचे यातून, आणि तेही मला घराबाहेर काढण्यापूर्वी.